वाचक विचारतात : मॉरिशसची सरमिसळ नेमकी कुणी घडवली?

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलगा आणि सूनबाई नुकतेच मॉरिशसला फिरून आले. त्यांचे फोटो बघता बघता मी चाटच पडलो. रस्त्यावर दालपुरीची गाडी, पलीकडे चिनी देऊळ, वर्तमानपत्रं फ्रेंच, सरकारी कारभार इंग्रजीत आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी! आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमधले एक मित्र म्हणाले, बघा, गोऱ्यांनी राज्य केलं म्हणूनच एवढं वैविध्य आलं, नाहीतर तिथं नुसतं जंगल होतं. मला त्यांना काय उत्तर द्यावं सुचलं नाही, पण पटलंही नाही. खरं काय मानायचं?
(एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : काका, तुमच्या मित्रांचं जंगलाचं म्हणणं बरोबर आहे, ते आधी मान्य करून टाकू. मॉरिशसवर मूळची माणसं नव्हतीच. अरब खलाशांना बेट माहीत होतं, पोर्तुगीज येऊन गेले, पण राहिलं कोणी नाही. १५९८ ला डच उतरले, त्यांच्या राजपुत्र मॉरिसच्या नावावरून बेटाला नाव पडलं, १६३८ पासून त्यांनी वस्ती करून बघितली, जावाहून ऊस आणला, हरणं आणली, एबनीची झाडं तोडून नेली, डोडो पक्षी त्यांच्याच काळात संपत गेला, आणि १७१० ला ते सगळं सोडून निघून गेले. मग १७१५ ला फ्रेंच आले आणि १८१० ला इंग्रजांनी फ्रेंचांकडून बेट हिसकावलं. एवढासा देश आहे हो, आपल्या नागपूर जिल्ह्याच्या साधारण पाचव्या भागाएवढी जमीन आणि नागपूर शहराच्या निम्मी माणसं, पण त्यातला प्रत्येक जण बाहेरून आलेल्या कुणाचा तरी वंशज आहे.

आता मित्रांना एवढंच विचारा, की ही माणसं आली कशी? तिथंच त्यांचं वाक्य अडतं.

फ्रेंचांच्या काळात, विशेषतः १७३५ ला ला बुर्दोने गव्हर्नर म्हणून आला तेव्हापासून, पोर्ट लुई बंदर उभं राहिलं, रस्ते, गोद्या, साखरेचे कारखाने झाले. ते बांधलं कोणी? मादागास्कर आणि मोझांबिककडून जहाजांत कोंबून आणलेल्या गुलामांनी, आणि सोबतीला पाँडिचेरीकडून आणलेल्या तमिळ कारागिरांनी. पुढे इंग्रज आले तेव्हा शरणागतीच्या अटींमध्येच ठरलं की फ्रेंच मळेवाल्यांची भाषा, कायदा आणि धर्म जसाच्या तसा राहील. म्हणून आज तिथं संसदेत इंग्रजी, पेपरात फ्रेंच, दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा आणि निवडणुका ब्रिटिश पद्धतीच्या दिसतात. हे काही कोणी मोठ्या मनानं जपलेलं वैविध्य नव्हे, तो दोन सत्तांमधला सौदा होता. झेंडा बदलला, मळ्याचा मालक तोच राहिला.

१ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी कायद्यानं संपली. तेव्हा बेटावर साठ हजारांवर गुलाम होते. ब्रिटिश सरकारनं भरपाई दिली, सुमारे २० लाख पौंड, पण ती मालकांना! ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबून हाडं झिजवली त्यांना दमडी नाही, उलट आणखी काही वर्षं ‘शिकाऊ’ म्हणून त्याच मळ्यांवर राबायची सक्ती. ही गोष्ट वाचली की मला अजूनही संताप येतो.

ते लोक संधी मिळताच मळे सोडून गेले यात नवल नाही, आणि हे होणार हे ओळखून मालकांना आधीच स्वस्त मजूर हवे झाले होते. २ नोव्हेंबर १८३४ ला, म्हणजे गुलामगिरी संपायच्या आधीच, अ‍ॅटलस नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. इंग्रजांनी याला ‘महान प्रयोग’ म्हटलं. यातले बरेचसे छोटा नागपूरच्या पठारावरचे आदिवासी होते (ते आत्ताचं झारखंड, आपलं नागपूर नव्हे, कारण नावावरून गोंधळ होतो आणि मग लोक उगाच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात). हा ‘प्रयोग’ फायद्याचा ठरला आणि मग बिहार, उत्तर प्रदेश, तमिळ-तेलुगू मुलूख, आणि मुंबई बंदरातून आपल्या रत्नागिरी, सातारा भागातली मराठी माणसं, असे मिळून सुमारे साडेचार लाख लोक पुढच्या ७०-८० वर्षांत तिथं नेले गेले. १८६१ च्या जनगणनेपर्यंत बेटावर निम्म्याहून जास्त लोकसंख्या भारतीय झाली होती.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर आप्रवासी घाट नावाची जागा आहे, २००६ पासून जागतिक वारसा. मुलगा-सूनबाई तिथं गेले नसतील तर पुढच्या वेळी नक्की पाठवा, बीच काय कुठंही बघायला मिळतात. समुद्राकडून वर येणाऱ्या १६ दगडी पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला माणूस त्या चढून आत जायचा, कारकून नाव विचारायचा, बापाचं नाव, गाव, जात, वय, सगळं रजिस्टरमध्ये लिहून त्याला एक नंबर मिळायचा, आणि तिथून पुढे आयुष्यभर तो नंबर हीच त्याची ओळख. करार ५ वर्षांचा, पगार महिना ५ रुपये आणि वर तांदूळ, डाळ, मीठ, तेल. एक दिवस कामावर गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापायचे. १८६७ च्या कायद्यानंतर तर करार संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला पास खिशात ठेवून फिरावं लागे, पोलिसानं अडवलं आणि पास नसला की थेट तुरुंग.

तर काका, गोऱ्यांनी माणसं आणली ती साखरेसाठी, संस्कृती घडवण्यासाठी नाही. संस्कृती घडवली ती त्या माणसांनी, मळ्यावरच्या बराकीत, रात्री, उरलेल्या वेळात. सेगा हे तिथलं नाच-गाणं बघा. गुलामांनी रचलेलं, सोबत बकरीचं कातडं ताणून केलेला राव्हान नावाचा डफासारखा वाद्यप्रकार, वाजवायच्या आधी शेकोटीवर धरून तापवायचा म्हणजे कातडं ताठ होऊन आवाज खणखणीत निघतो. चर्चनं आणि मालकांनी त्या नाचाला वर्षानुवर्षं नावं ठेवली. आज २०१४ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे, आणि भोजपुरी बायकांची लग्नातली गाणी, गीत-गवई, ती २०१६ मध्ये त्याच यादीत गेली.

आणि ती दालपुरी, जिचा फोटो तुम्ही बघितला. आत शिजवून कोरडी वाटलेली पिवळी डाळ आणि हळद, पोळी इतकी पातळ लाटलेली की गाडीवाला हातानं उचलतो तेव्हा ती रुमालासारखी लोंबते. ही बिहारची. तिच्यावर वालासारख्या मोठ्या बियांची रस्सेदार भाजी, वर टोमॅटोचा रुगाय म्हणजे रस्सा, तो क्रिओल (म्हणजे मुख्यतः त्या गुलामांचे वंशज) लोकांच्या स्वयंपाकातला, मग हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि दोन-दोन पोळ्यांची जोडी कागदात गुंडाळून हातात. ती खायला हिंदू, मुसलमान, क्रिओल, चिनी सगळेच एका लायनीत उभे असतात. हे कोणत्या गव्हर्नरनं ठरवलं?

गोडी गुलाबीच आहे असंही मी म्हणणार नाही. १९९८ ला तिथल्या नोटांवर तमिळ आणि हिंदी अक्षरांचा क्रम बदलला गेला तर तमिळ समाज एवढा भडकला की त्या नोटा परत घ्याव्या लागल्या. १९९९ च्या फेब्रुवारीत काया नावाचा लोकप्रिय क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि देशभर दंगल उसळली, कारण क्रिओल समाजाच्या मनात साचलेलं खूप होतं, स्वातंत्र्यानंतरही आपण मागेच राहिलो ही भावना. मळ्यांच्या मोठ्या जमिनी बराच काळ मोजक्या फ्रेंच वंशाच्या घराण्यांकडे, सरकारी नोकऱ्या आणि राजकारण मुख्यतः भारतीय वंशाच्यांकडे, आणि ज्यांच्या आज्या-पणज्यांना साखळ्या घालून आणलं ते शेवटी. वसाहतीच्या काळात जी उतरंड रचली ती १२ मार्च १९६८ च्या स्वातंत्र्यानं एका रात्रीत मोडली नाही.

पण जे चांगलं तुम्हाला फोटोत दिसलं, चतुर्थीची सुट्टी, थायपुसम, ईद, चिनी नववर्ष, ख्रिसमस, १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर हे दोन्ही दिवस सुट्टीचे, २०१२ पासून शाळेत क्रिओल भाषा, हे सगळं तिथल्या लोकांनी आपसात भांडून, समजून, मतदान करून मिळवलंय. श्रेय द्यायचं तर त्यांना द्या. आणि मित्रांना एक नागपूरची गोष्टही सांगा, जानेवारी १९७५ ला पहिलं विश्व हिंदी संमेलन आपल्याच शहरात झालं तेव्हा प्रमुख पाहुणे होते मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. त्यांचे वडील बिहारमधून मजूर म्हणून गेलेले.

प्रश्न : मी बीए इतिहासाला आहे. आमच्या क्लासमध्ये वाद झाला. एक मित्र म्हणतो की मॉरिशस, त्रिनिदाद अशा ठिकाणी आफ्रिकन लोकांची भाषा, धर्म, नावं सगळं गेलं पण भारतीयांनी देव, सण, नावं टिकवली, म्हणजे आपली संस्कृतीच जास्त पक्की होती. सर काही बोलले नाहीत. मला यात काहीतरी चुकतंय असं वाटून राहिलंय पण मुद्दा पकडता येत नाहीये.
(विद्यार्थिनी, महाल)

उत्तर : तुला बरोबर वाटतंय, आणि सरांनी बोलायला हवं होतं.

मुद्दा असा पकड. कोण कुठल्या अटीवर आलं, त्यावर त्याच्याकडे काय उरलं हे ठरतं. गुलाम कायद्यानं वस्तू होता. फ्रेंच राजाचा गुलामांविषयीचा कायदा, कोड न्वार, १७२३ मध्ये या बेटांनाही लागू झाला, त्यात गुलामाला कॅथलिक बाप्तिस्मा द्यायचाच असं लिहिलेलं. नाव मालकानं ठेवायचं. एकाच मळ्यावर मादागास्करचा, मोझांबिकचा, अगदी भारतातून विकून आणलेलासुद्धा, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, आई एकीकडे आणि लेकरू दुसरीकडे विकलं जातंय. गावाकडून कोणी येणार नाही, चिठ्ठी येणार नाही, परत जायची सोय नाही. अशा अवस्थेत त्या लोकांनी मालकाच्या फ्रेंचचे तुकडे घेऊन स्वतःची एक अख्खी भाषा उभी केली, क्रिओल, जी आज देशातल्या बहुतेक घरांत बोलली जाते, भारतीय घरांतसुद्धा! तुझ्या मित्राला विचार, याला कच्ची संस्कृती म्हणायचं का?

भारतीय मजुराचे हाल कमी नव्हते पण त्याचा कागद वेगळा होता. ५ वर्षांचा करार, त्यावर त्याचं स्वतःचं नाव, बापाचं नाव. एकाच जिल्ह्यातले लोक एकाच जहाजातून यायचे आणि पुष्कळदा एकाच मळ्यावर पडायचे. करार संपल्यावर बरेच परत गेले, गावची खबर घेऊन नवे आले, कुणी येताना पोथी आणली कुणी तुळस, म्हणजे दोर पूर्ण तुटला नाही. संध्याकाळी बैठका भरायच्या, तिथं रामायण वाचायचे आणि पोरांना अक्षरओळख द्यायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही, ते म्हणजे जमीन. १८८० च्या सुमारास साखरेचा भाव पडला तेव्हा मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले आणि काटकसर करून ठेवलेल्या भारतीय कुटुंबांनी ते घेतले. स्वतःची जमीन आली की गाव वसतं, गाव वसलं की देऊळ होतं, देऊळ झालं की सण टिकतो. ज्याला भरपाईतली दमडी मिळाली नाही, मळा सोडून किनाऱ्यावर मासे धरत जगला, त्याच्याशी याची तुलना कशी करणार?

आणि टिकलं ते सुद्धा आहे तसं नाही टिकलं. तिथले मराठी लोक घरात मुख्यतः क्रिओल बोलतात, मराठी शाळेत पर्यायी विषय म्हणून शिकतात. त्यांचा झाकरी नाच आपल्या कोकणातल्या जाखडीचाच भाऊबंद, गोल धरून, ढोलकी आणि झांजेवर. पण गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत तो तिथल्या मातीत वाढलाय, तो आता तिथला आहे. तू यावर प्रोजेक्ट करशील तर दोन्ही बाजूंचे कायदे समोरासमोर ठेवून वाच, गुलामांचा आणि करारी मजुरांचा, पेपरात लिहायला तेवढं पुरेसं होईल आणि मित्रालाही दाखवता येईल.

प्रश्न : आमचे आजोबा १९४७ नंतर सिंधमधून इथं आले. माझा जन्म, शाळा, धंदा सगळं नागपुरात. मराठी मी इथल्या कोणाइतकीच बोलतो. तरी परवा एका भांडणात समोरचा म्हणाला, तुम्ही बाहेरचे. नागपूर मूळचं कुणाचं हो?
(एक दुकानदार, जरीपटका)

उत्तर : दादा, हे ऐकून वाईट वाटलं. थोडक्यात सांगते.

नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, १७०२ च्या सुमारास, राजापूर बारसा नावाच्या बारा वस्त्या एकत्र करून. मराठी भाषिक राज्य भोसल्यांसोबत नंतर आलं. १८१७ ला सीताबर्डीची लढाई झाली, १८५३ च्या शेवटी तिसरे रघुजी वारल्यावर इंग्रजांनी राज्य खालसा केलं, १८६१ ला मध्य प्रांत करून नागपूर राजधानी केली. कामठीची छावणी त्याआधीची, तिथं मद्रासच्या पलटणी होत्या म्हणून आजही कामठीत तमिळ घरं सापडतात, आणि उत्तरेकडून आलेले मोमिन विणकर सुद्धा. १८६७ ला मुंबईकडून रेल्वे आली, १८७७ ला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, मग बंगाल-नागपूर रेल्वे, त्यासोबत बंगाली, तेलुगू, अँग्लो-इंडियन, छत्तीसगडी मजूर, मारवाडी व्यापारी. तुमचे आजोबा आले तेव्हा हे शहर असं भरलेलंच होतं.

फरक एकच, यातले बरेच लोक नोकरी-धंद्यासाठी आले आणि तुमच्या घरच्यांना घर सोडावं लागलं. निर्वासित होऊन आले, कपड्याच्या गाठोड्यापासून सुरुवात केली आणि या शहराचा बाजार वाढवला. तुमच्या भाषेला स्वतःचं राज्य नाही, तरी १९६७ ला ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तुम्ही नागपूरचेच आहात, यात कोणाची परवानगी लागत नाही.

आणि ‘मूळचं कुणाचं’ हा हिशेब खरंच काढायचा तर पहिली पाळी गोंडांची येते, ज्यांच्या राजानं हे गाव वसवलं आणि ज्यांच्यापैकी कितीतरी जण आज याच शहरात कामाच्या शोधात येतात तेव्हा त्यांनाच बाहेरचं समजतात. मला तुमच्या अपमानाइतकंच हेही टोचतं.

प्रश्न : आमचं मूळ घराणं रत्नागिरीकडलं, आजोबा रेल्वेत लागले म्हणून नागपुरात आलो. आजोबांच्या चुलत्यांपैकी एक जण मुंबईहून जहाजात बसून मॉरिशसला गेले आणि परत आलेच नाहीत असं घरात ऐकत आलेय. आता शोध लागेल का?
(गृहिणी, मानेवाडा)

उत्तर : लागू शकतो, ताई, आणि प्रयत्न कराच. मॉरिशसमध्ये मोका इथं महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथं या मजुरांची जुनी रजिस्टरं जपून ठेवलीत. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव-जिल्हा, जहाज, आल्याची तारीख, कुठल्या मळ्यावर गेले, अशा नोंदी असतात, आणि १८६० च्या दशकानंतरच्या बऱ्याच जणांचे फोटोही.

आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसून त्यांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, तालुका, आणि गेले ते साधारण कुठलं वर्ष असेल ते लिहून काढा. वर्ष आठवत नसेल तर तेव्हा आजोबा केवढे होते त्यावरून अंदाज लावा. आडनावाच्या भरवशावर राहू नका, पुष्कळदा नुसतं नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहिलेलं असतं. कारकुनांनी मराठी नावं कानाला ऐकू आली तशी रोमन अक्षरांत लिहिलीत, त्यामुळे एकाच नावाची चार-पाच स्पेलिंग करून पाठवा, गावाच्या नावाचीही. अर्जात तुमचं नातं काय ते साध्या इंग्रजीत लिहा. उत्तर आलं की मलाही कळवा, आणि त्यांच्या मळ्याचं नाव मिळालं तर पुढे तिथल्या मराठी मंडळांकडे चौकशी करता येईल, त्यासाठी पत्राचा मसुदा मी करून देईन.